एक खोली, एक मास्तर अन् चार इयत्ता

प्रश्न : आजोबा सांगायचे की आमच्या गावची शाळा आधी मारुतीच्या देवळात भरायची, मग एक खोली बांधली, त्यात पहिली ते चौथी सगळे एकत्र अन् मास्तर एकच. ही शाळा सरकारने काढली की गावाने?
– एक वाचक, चोपडा तालुका

उत्तर : नाव सरकारचं, पण पैसा बराचसा शेतकऱ्याचाच बघा. १८१८ ला खान्देशात इंग्रज आले त्याआधीही पंतोजी होतेच, देवळात नाहीतर कोणाच्या ओसरीवर पोरं बसवायचे अन् सुगीला धान्य घ्यायचे. फळीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, चुकलं की हात फिरवला, पाटी कोरी. मोठी पोरं लहानांकडून पाढे म्हणून घ्यायची म्हणून एका माणसाचं भागायचं, नुसते बे चे पाढे नाही तर पावकी, निमकी, दीडकी अन् औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, कारण सोळा आण्यांचा रुपया, माल साडेतीन आणे शेर असेल तर अकरा शेरांचे दोन रुपये साडेसहा आणे हे बाजारात उभ्या उभ्या सांगता आलं पाहिजे. आता आपण मोबाईल काढतो, जाऊ द्या.

१८५५ मध्ये मुंबई इलाख्याचं शिक्षण खातं सुरू झालं, पण खेड्यापर्यंत शाळा पोचायला खरा जोर मिळाला तो लोकल फंडाने. १८६० नंतर शेतसाऱ्यावर रुपयाला एक आणा जादा पट्टी बसली, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाला. म्हणजे पट्टी कुणब्याने भरायची अन् त्याचाच पोरगा कापूस वेचणीला, ढोरांमागे, शाळेत गैरहजर! जोतिबा फुल्यांनी १८८२ ला सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर कमिशनपुढे हेच तर मांडलं, की पैसा रयतेचा अन् शिकतात वरचे लोक, खेड्यातले मास्तर शेतकऱ्यांतलेच असू द्या, त्यांना पगार बरा द्या, मोडी, बाळबोध म्हणजे देवनागरी अन् हिशोबासोबत थोडं शेतीचंही शिकवा. मला तरी हे आजही पटतं.

पुढे १९२३ च्या कायद्याने या शाळा जिल्हा लोकल बोर्डाकडे गेल्या अन् १९६२ ला जिल्हा परिषद आली. तुमच्या गावच्या शाळेत जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे पोरांच्या दाखल्यांची नोंदवही, शिल्लक असेल तर हेडमास्तरांना विनंती करून बघा, आजोबांचं नाव सापडलं तर शाळा सोडल्याचं कारण असलेला रकानाही नक्की वाचा.