नावातच स्लॅश असेल तर?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण सोसायटीची मी खजिनदार. मेंटेनन्स कोणाचा आला हे पाहण्यासाठी बँकेचे स्टेटमेंट वाचणारा छोटा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिला आहे. तपशिलाची ओळ अशी असते : यूपीआय / सीआर / बारा आकडी क्रमांक / नाव / बँक / शेरा. मी स्लॅशवर तोडते आणि चौथा तुकडा नाव म्हणून घेते. पण तळमजल्यावरच्या दुकानाचे नाव नुसते 'एम' येते. भाच्याने सगळ्यासाठी एकच लांबलचक रेगेक्स (मजकुरातला साचा शोधणारे सूत्र) करून दिला, तो मला वाचताच येत नाही. शिवाय सभासदांच्या यादीतली मराठी नावे त्यात तुटतात. काय करू?
— एक खजिनदार, मिरज

उत्तर : ताई, तुमचे दुकानदार 'एम/एस अमुक ट्रेडर्स' असणार. मेसर्समधला तो स्लॅश प्रोग्रॅमला बँकेने घातलेल्या स्लॅशसारखाच दिसतो. त्यामुळे चौथा तुकडा 'एम', पाचवा 'एस अमुक ट्रेडर्स', आणि बँकेचे नाव शेऱ्याच्या जागी.

ओळीतले कोणते भाग बँकेचे यंत्र लिहिते आणि कोणते माणूस, ते आधी बघा. पहिले तीन यंत्राचे. ते कधी हलत नाहीत. म्हणून स्प्लिटला, म्हणजे ओळ तोडणाऱ्या आज्ञेला, 'तीनदाच तोड' असे सांगा. यूपीआय, सीआर आणि क्रमांक सुटे होतील, बाकीची ओळ अखंड राहील.

या उरलेल्या तुकड्याला उजवीकडून दोनदा तोडावे, असे कोणीही सुचवेल. आरस्प्लिट त्यासाठीच आहे. पण शेराही माणूसच लिहितो, आणि 'मेंटे. एप्रिल/मे' लिहिणारा सभासद प्रत्येक सोसायटीत असतो. म्हणजे दोन्ही टोके बेभरवशाची. मधला बँकेचा कोड मात्र यंत्राचा : तुमच्या स्टेटमेंटमध्ये तो आयएफएससीची पहिली चार अक्षरे असेल, तर दोन स्लॅशच्या मध्ये नेमकी चार मोठी इंग्रजी अक्षरे. रेगेक्सची गरज आहे ती इथे, आणि एवढीच. 'काहीही, मग स्लॅश, चार मोठी अक्षरे, स्लॅश, मग काहीही.' 'काहीही' म्हणजे टिंब आणि अधिकचे चिन्ह. पहिल्या 'काहीही'ला त्या अधिकच्या चिन्हापुढे प्रश्नचिन्ह जोडा, म्हणजे तो पहिला कोड दिसताच थांबेल. नाहीतर तो हावरटासारखा शेवटपर्यंत धावतो, आणि कोणी शेऱ्यात मोठ्या अक्षरांत 'फ्लॅट/रेंट/मे' लिहिले की 'रेंट' नावाची बँक जन्माला येते.

भाच्याच्या रेगेक्समध्ये असे 'काहीही' एकामागून एक असतील, तर तो बाजूला ठेवा. न जुळणाऱ्या ओळीवर असा रेगेक्स, कोणत्या 'काहीही'ला ओळीचा किती भाग द्यायचा, याच्या सगळ्या वाटण्या करून बघत बसतो. २ जुलै २०१९ रोजी वेबसाइटना सेवा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरांचे प्रोसेसर अशाच एका नियमाने जाम झाले आणि जगभरातल्या असंख्य वेबसाइट सुमारे २७ मिनिटे बंद पडल्या. तुमच्या स्टेटमेंटने जग थांबणार नाही, पण लॅपटॉपचा पंखा ओरडेल.

आता मराठी नावे. पायथनच्या नेहमीच्या रेगेक्समध्ये 'शब्दातले अक्षर' म्हणून जी खूण आहे, ती मात्रा, वेलांट्या आणि हलन्त मोजत नाही. 'किरण'चे 'क' आणि 'रण' होतात, 'सुनीता'चे स, न, त. आपली भाषा तिथे सावत्र आहे. उपाय असा, की नाव अक्षरांवरून ओळखूच नका. यादीतले रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतील, तर 'पुढच्या स्वल्पविरामापर्यंत जे असेल ते' असे सांगा.

स्वल्पविरामावरून आठवले, जे तुम्ही विचारले नाहीत : स्टेटमेंट सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामाने रकाने पाडलेल्या फाइलमध्ये असेल, तर ती फाइल स्प्लिटने अजिबात तोडू नका. दुरुस्ती निधीची "१,२५,०००" अशी रक्कम अवतरणचिन्हांत येते आणि स्प्लिटला ती चिन्हे कळत नाहीत. एका रकमेचे तीन रकाने होतात. पायथनसोबत सीएसव्हीचे मॉड्यूल फुकट येते, ते वापरा.

आणि ज्या ओळी कुठल्याच साच्यात बसत नाहीत, त्या गुपचूप गाळू नका. वेगळ्या फाइलमध्ये टाका आणि डोळ्यांनी वाचा. मग आरंभीची शिल्लक अधिक जमा वजा खात्यातून गेलेली रक्कम करून अखेरची शिल्लक जुळते का बघा. जुळली, तरच यादी नोटीस बोर्डावर लावा. थकबाकीदार म्हणून चुकून अध्यक्षांचे नाव लागले, तर पुढच्या सर्वसाधारण सभेत रेगेक्स कोणी ऐकून घेणार नाही.