फोर्क म्हणजे काटा नव्हे

प्रश्न असा आहे: ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही घेता-बदलता येतो असा प्रकल्प ‘फोर्क करणे’, म्हणजे त्याचा कोड उचलून आपली वेगळी आवृत्ती काढणे, याला मराठीत काय म्हणावं? आणि ‘लायसन्स’ला परवाना म्हणावं की अनुज्ञप्ती?

आधी हात जोडून सांगतो, काटा म्हणू नका. मध्यंतरी एका व्याख्यानात पडद्यावर झळकलं, ‘त्यांनी रेडिसचा काटा काढला’. शेजारच्या बाईंनी हळूच विचारलं, “कोण हो गेलं?” कुणीच गेलं नव्हतं. रेडिस हे माहिती साठवणारं सॉफ्टवेअर. त्याच्या कंपनीनं मार्च २०२४ मध्ये सैल बीएसडी परवाना सोडून जाचक अटींचा नवा आणला, तेव्हा तिथे वर्षानुवर्षं राबलेल्या काही जणांनी ७.२.४ ही आवृत्ती उचलली आणि लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेच्या आसऱ्यानं व्हॅल्की सुरू केलं. आज दोन्ही नांदताहेत. यंत्रानं केलेलं भाषांतर न वाचता चिकटवलं की असे मुडदे पडतात.

‘फाटा’ हायवेवर शोभतो. ‘प्रकल्पाला फाटा दिला’ म्हटलं तर प्रकल्प गुंडाळला असंच कोणीही समजेल. गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर बटण दाबून होते ती प्रत, तिला प्रतच म्हणा. भांडून वेगळं होण्याला मात्र आपल्याकडे शब्द तयार आहे: सवतासुभा.

सुभा सोपा आहे. अकबरानं १५८० मध्ये राज्याचे बारा सुभे केले, त्यातलाच तो. खरी गंमत ‘सवता’त. काही व्युत्पत्तिपंडित तो सवतीवरून आला असं ठणकावून सांगतात. मला हे साफ नामंजूर! सवत म्हणजे सपत्नी. ती त्याच घरात, त्याच नवऱ्याशी नांदते. सवता गडी आपली चूल वेगळी मांडतो. माझ्या मते हा सरळ ‘स्वतः’ आहे. खेड्यात आजही ‘सोता पाह्यलं’ म्हणतात, ते पंडितांनी एकदा सोता जाऊन ऐकावं.

सवत्या सुभ्याचा अस्सल नमुना म्हणजे निजामुल्मुल्क, मोगलांचा सरदार आणि हैदराबादचा पहिला निजाम. १७२४ मध्ये आपल्या बुलढाण्यातल्या साखरखेर्ड्याला पातशहाच्या सुभेदाराला, मुबारिजखानाला, मारून त्यानं दख्खनचा सुभा घशात घातला, पण पातशहाचं नाव टाकलं नाही. हैदराबादच्या नाण्यांवर मोगल पातशहा १८५७ पर्यंत टिकून होता. मुलूख आपला, नाव धन्याचं.

ओपन सोर्समध्ये बरोबर उलटं. कोड खुशाल न्या, नावाला हात लावायचा नाही. ते ट्रेडमार्कनं बांधलेलं. म्हणून २०१० मध्ये ओपनऑफिस या कचेरीकामाच्या सॉफ्टवेअरमधून फुटलेल्यांना लिब्रेऑफिस व्हावं लागलं. २०२३ मध्ये टेराफॉर्म या सर्व्हर उभारायच्या सॉफ्टवेअरवाल्या कंपनीनं परवाना आवळला, तेव्हा बाहेर पडलेले आधी ओपनटीएफ म्हणवत होते. तेही सोडून ओपनटोफू झाले. मायएसक्यूएल हा डेटाबेस ओरॅकल कंपनीच्या हाती जाणार असं दिसताच त्याच्या जनकानं, माँटी विडेनियसनं, मारियाडीबी काढला. पहिल्याला थोरल्या लेकीचं नाव होतं, माय. दुसरी लेक मारिया घरात होती म्हणून निभावलं.

लायसन्सचं राहिलंच. परवाना म्हणा. अनुज्ञप्ती आरटीओत चालते. तिथे ती समजावून सांगायला निदान दाराशी एजंट तरी उभा असतो.