शॉकअप बदलताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी पाट्यांवरची (एकावर एक पोलादी पट्ट्यांच्या लीफ स्प्रिंगची) फोर-व्हील ड्राइव्ह गाडी बरीच जुनी आहे. कोपरा दाबून सोडला तर ती एकदाच वर येऊन थांबते, म्हणजे शॉकअप (गाडीची उसळी आवरणारे शॉक ॲब्सॉर्बर) चांगले असायला हवेत. तरीही खडबडीत वळणावर मागचा भाग बाजूला सरकतो. असं का?

उत्तर : दाबून सोडण्याची परीक्षा पाट्यांच्या गाडीला लावू नका. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच उसळी मरते, मग शॉकअपमध्ये दम असो वा नसो. गाडी चालवून बघा. बारीक लाटा पडलेल्या कच्च्या रस्त्यावर ॲक्सल (दोन चाकं जोडणारा आस) थडथडतो, टायर जमीन सोडतं आणि गाडी वळणाबाहेर ढकलली जाते. टायरच्या नक्षीत ठिकठिकाणी वाटीसारखे खळगे पडले असतील तर संशय आणखी पक्का.

पंधरा-वीस मिनिटं खराब रस्त्यावर चालवून थांबा आणि चारही शॉकअपना जपून हात लावा. धक्क्यांची ताकद तेलात उष्णता होऊन जाते, त्यामुळे काम करणारा शॉकअप तापतो. जोडीतला एकच थंड राहिला तर तो नुसता लटकतो आहे. (सायलेन्सरजवळचा एरवीही गरम लागतो, त्याच्यावरून निष्कर्ष नको.) सीलपाशी पुसट ओलावा चालतो, पण नळीवर तेलाचा ओघळ आला असेल तर सील गेलं. गळत नाही म्हणून शाबूत, असंही नाही. आतले व्हॉल्व्ह न गळता झिजतात. खात्री हवी असेल तर खालचं टोक सोडवून, शॉकअप उभा ठेवूनच ओढा-दाबा. मध्येच मोकळी चाल लागली की तो संपला. बदलताना एका ॲक्सलचे दोन्ही बदला.

प्रश्न : पुढे पाटे, मागे कॉइल स्प्रिंग अशी गाडी आहे. शॉकअप घरी बदलता येतील का?

उत्तर : येतील, आणि बहुतेक उंच गाड्यांत चाकं न काढताच. पाना फिरवायला जागा मिळत असेल तर गाडी चाकांवरच, सपाट जागी राहू द्या.

चाक काढावंच लागलं तर एक गोष्ट आधी तपासा. अनेक जुन्या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) मागे, प्रॉपेलर शाफ्टवर (ॲक्सलकडे जाणाऱ्या फिरत्या दांड्यावर) असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरांमुळे) दुसरं मोकळं फिरतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी घसरते. पार्ट-टाइम (गरजेपुरती जोडायची) फोर-व्हील असेल तर पुढच्या चाकांचे हब लॉक करून फोर-व्हील टाका; शिवाय पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी पाचर मारा. चासीखाली स्टँड लावा, ॲक्सलला वेगळ्या जॅकचा टेकू द्या. कॉइलच्या मागच्या ॲक्सलला हा टेकू फारच महत्त्वाचा आहे, कारण पुष्कळ गाड्यांत ॲक्सल किती खाली जायचा हे शॉकअपच ठरवतो. तो काढल्यावर ॲक्सल लोंबकळला तर ब्रेकचा होज ताणला जातो आणि स्प्रिंग बैठकीतून निसटते. म्हणून एका वेळी एकच बाजू.

आदल्या दिवशी आटे वायर ब्रशने घासून त्यावर गंज सोडवणारं तेल मारा. वरचं टोक पिनचं (आटे पाडलेल्या उभ्या टोकाचं) असेल तर नटाबरोबर दांडाही फिरत राहतो. पिनच्या टोकाला सपाट कडा असतात, तिथे दुसरा पाना धरा. नट हललाच नाही तर हॅक्सॉने उभा चिरा. गॅस टॉर्च मात्र शॉकअपजवळ आणू नका. आत तेल आणि बहुधा दाबाखालचा नायट्रोजन असतो.

वॉशर आणि रबर कोणत्या क्रमाने, कोणत्या तोंडाने निघाले याचा काढतानाच फोटो घ्या. नवा ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला) शॉकअप आडवा पडून आलेला असतो, आतली हवा तेलात मिसळलेली असते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ओढा आणि दाबा. गॅसचा शॉकअप त्याला दाबून बांधलेला पट्टा सोडताच आपोआप लांब होतो. तो दोष नव्हे. क्रोमच्या दांड्याला पक्कड लावू नका, एक ओरखडासुद्धा सील कापतो. रबराला साबणाचं पाणी किंवा सिलिकॉन ग्रीस लावा, साधं ग्रीस नको.

सगळ्यात जास्त चुकतं ते आवळणं. शॉकअपच्या टोकाच्या गोल कडीतल्या (डोळ्यातल्या) रबरी बुशचा बोल्ट ॲक्सल लोंबकळत असताना आवळला तर रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं आणि थोड्याच दिवसांत फाटतं. आधी हाताने बसवा, गाडीचं वजन चाकांवर येऊ द्या, मग आवळा. पिनच्या रबरांचा फुगवटा वॉशरच्या कडेपर्यंत आला की थांबा, मात्र गाडीच्या मॅन्युअलमध्ये टॉर्क दिला असेल तर तोच धरा. नायलॉक नट (सैल होऊ नयेत म्हणून आत नायलॉनची कडी असलेले) नवे घ्या.

प्रश्न : दोन इंच उंच पाटे टाकले आहेत. शॉकअपची लांबी कशी ठरवू?

उत्तर : दोन इंच वाढवून मागवू नका, मोजा. गाडी जमिनीवर असताना दोन्ही माउंटच्या (शॉकअप जिथे बसतो त्या जागांच्या) केंद्रांमधलं अंतर घ्या, आणि ॲक्सल ते बंप स्टॉप (ॲक्सल वर आल्यावर ज्यावर टेकतो तो रबरी ठोकळा) हे अंतर घ्या. समजा ४६० आणि ९० मिलिमीटर आलं. बंपचं रबर आणखी २५ दबेल असं धरा. शॉकअप उभा असेल तर ४६० वजा ११५, म्हणजे ३४५ उरतात. त्यात १५ ते २० मिलिमीटर मोकळे ठेवा. मिटलेली लांबी ३२५च्या आसपास किंवा कमी हवी. ती जास्त असेल तर बंपच्या आधी शॉकअपच ठोकला जातो आणि माउंट उखडतं. ४५ अंश तिरपा असेल तर त्याची चाल ॲक्सलच्या सुमारे ०.७ पट, तेव्हा ११५ऐवजी ८० वजा करा. उघडलेली लांबी पाटे पूर्ण लोंबकळताना मोजा आणि थोडी जास्तच ठेवा. त्या वेळी ब्रेक होज ताणला जातो का, तेही बघून घ्या.

प्रश्न : नवे शॉकअप टाकल्यावर छोट्या खड्ड्यातही खट्-खट् येतं.

उत्तर : बहुतेक वेळा बुशची लोखंडी स्लीव्ह आणि बोल्ट यांत फट असते किंवा पिनचा नट सैल असतो. १०० किलोमीटरनंतर एकदा सगळं पुन्हा आवळायलाच हवं. तरी आवाज राहिला तर पाट्यांचे शॅकल बुश (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीतली रबरं) आणि पाटे ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट तपासा.

प्रश्न : सामान भरलं की मागचा भाग बसतो. कडक शॉकअप टाकू?

उत्तर : नको. वजन पाटे आणि स्प्रिंग पेलतात. साधा शॉकअप फक्त हालचाल आवरतो. कडक टाकलात तर रिकामी गाडी आदळेल आणि भरलेली तितकीच बसेल.

प्रश्न : ठरावीक वेगाला स्टिअरिंग जोरात थरथरतं. चारही शॉकअप आणि स्टिअरिंग डँपर (स्टिअरिंगचे झटके आवरणारा छोटा शॉकअप) बदलले, फरक नाही.

उत्तर : डँपर थरथर दाबतो, तिचं मूळ काढत नाही. आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या. मग पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा : खेळ असेल तर व्हील बेअरिंग किंवा किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खिळ) झिजली आहे. डावी-उजवीकडे खेळ असेल तर टाय रॉडची (दोन्ही पुढची चाकं एकत्र वळवणाऱ्या दांड्याची) टोकं. पुढे कॉइल स्प्रिंग असतील तर पॅनहार्ड रॉडचे (ॲक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या आडव्या दांड्याचे) बुशही बघा. त्यासाठी गाडी जमिनीवर ठेवून दुसऱ्याला स्टिअरिंग झटक्याने इकडे-तिकडे फिरवायला सांगा आणि खालून नजर ठेवा.