नक्कल करताना चेहरा पांढुरका का पडतो?

प्रश्न: स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझच्या 'हुआन दे पारेहा' (1650) या व्यक्तिचित्राची तैलरंगात नक्कल करतोय. रेखाटन जुळलंय, पण रंग चढवला की उजेडाचा भाग खडूसारखा पांढुरका आणि सावल्या मळकट होतात. काय चुकतंय?

उत्तर: दोन्ही दोषांचं मूळ बहुधा पांढऱ्या रंगात आहे. मूळ चित्र डोळे बारीक करून पाहा: कपाळावरची चकाकीसुद्धा कॉलरच्या पांढऱ्यापेक्षा गडद आहे. म्हणून आधी कॉलरचा एक फटकारा लावून ठेवा आणि त्वचेचा प्रत्येक रंग त्याच्याशी ताडून पाहा. टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग फार जोरकस असतो, मिसळला की रंग थंडावतो. उजेड वाढवताना त्यासोबत थोडा यलो ऑकर (मातकट पिवळा) किंवा लाल घालाच.

सावलीत पांढरा जवळपास नकोच. टर्पेंटाइनने पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने (गडद तपकिरी रंगाने) आधी फक्त छायाप्रकाश मांडा, उजेडाच्या जागा फडक्याने पुसून काढा. तो थर हाताला कोरडा लागल्यावरच पुढे जा. ओल्यावर घासलंत तर अंबर वर येऊन सगळं मळवतो. सावल्या पातळ, पारदर्शक राहू द्या, जाड रंग उजेडातच. वरच्या थरांत जवसाचं तेल थोडं वाढवत न्या, नाहीतर पुढे भेगा पडतात.

पापण्या, ओठांच्या कडा सर्वांत शेवटी. नक्कल करणाऱ्यांची घाई नेमकी तिथेच होते. गालाची कड पार्श्वभूमीत कुठे विरते, हे हेरणं जास्त मोलाचं.