वॉचमनपाशी ठेवून गेलेली पिशवी

प्रिय ताई,

मी ६३ वर्षांची, पुण्यात राहते, बँकेतून निवृत्त झाले. माझी आई अलिबागची, बेने इस्रायल म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली. १९५९ साली तिने माझ्या वडिलांशी पळून जाऊन लग्न केलं. सासरी नाव बदललं आणि पुढे सगळं आमच्या पद्धतीनं केलं. माहेरचं कुणी फिरकलं नाही. एक मावशी तेवढी दर वर्षी गणपतीनंतर कधीतरी नारळाच्या दुधातल्या चिकाच्या हलव्याचा डबा घेऊन यायची. दीड वर्षापूर्वी आई गेली. कपाट आवरताना हिब्रू अक्षरांचं एक जुनं पुस्तक सापडलं आणि तेव्हापासून मला चैन नाही. आईनं घरात कधी कोळंबी येऊ दिली नाही, मटणात दही घातलं नाही; ज्यूंना हे दोन्ही वर्ज्य, याचा अर्थ आता लागतोय. मी मोबाइलवर हिब्रू शिकायला लागलेय. डीएनए चाचणी करावी, एकदा इस्रायलला जाऊन यावं असं वाटतं. नवरा म्हणतो, या वयात हे काय नवीन? मुलगा हसतो. ताई, मी नक्की कोण? स्वतःला ज्यू म्हणवून घ्यायचा मला हक्क आहे का? विचारायला कुणीच नाही. मावशी आहे अलिबागला, ८४ वर्षांची, पण तिनं संबंध तोडलेत. आई गेली त्या रात्री तिला फोन केला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही वैकुंठ स्मशानभूमीतून परत आलो तर ही सोसायटीच्या फाटकाशी उभी. वर ये म्हटलं, आली नाही. पाणीसुद्धा न घेता गेली. वॉचमनकडे एक पिशवी ठेवली होती, त्यात पांढरं कापड आणि मातीची पुडी निघाली. पुडी मी तुळशीत रिकामी केली. धर्म माणसाला इतकं कडवट करतो का?

तुमची एक वाचक, पुणे

---

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या पिशवीपाशी अडकले. हिब्रू, चाचणी, इस्रायल, नवरा, मुलगा, सगळ्यांबद्दल तुम्ही भरभरून लिहिलंय. पिशवीचं जेमतेम दोन वाक्यांत उरकलंय.

त्या पिशवीत काय होतं ते आधी ऐका. ज्यू माणूस गेला की त्याला आंघोळ घालतात आणि साध्या पांढऱ्या कापडात लपेटतात. श्रीमंत असो की गरीब, कापड तेच. बाईमाणसाला आंघोळ बायकाच घालतात. मग होईल तितक्या लवकर मातीत ठेवतात. अग्नी देत नाहीत. आणि दूरदेशी राहणाऱ्या ज्यूंमध्ये मृताबरोबर इस्रायलची मूठभर माती ठेवायची जुनी रीत आहे. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येनं तिकडे गेला. कोकणातल्या बेने इस्रायल घरांचं कुणी ना कुणी लोदला, अश्दोदला, दिमोनाला असतं. त्यांच्यापैकीच कुणीतरी येताना ती पुडी आणली असणार.

आता जरा थांबा आणि विचार करा. रात्री फोन आला आणि दुसऱ्या दिवशी बाई कापड आणि माती घेऊन पुण्यात हजर. एका रात्रीत अलिबागेत ही माती कुठून मिळते? ती घरात होती. ऐंशी ओलांडलेली बाई असली पुडी कुणासाठी जपून ठेवते? स्वतःसाठी. माझी जवळजवळ खात्री आहे, तुमच्या मावशीनं स्वतःच्या मरणाची तयारी उचलली आणि बहिणीसाठी घेऊन आली. तिला बहिणीला आंघोळ घालायची होती. ती पोचली तेव्हा तुम्ही राख सावडायचा दिवस ठरवत परतत होतात.

आणि तुम्ही मला विचारता, धर्म माणसाला कडवट करतो का!

मला तुमचा राग आला, हे लपवत नाही. आई गेल्याचं दुःख मला कळतं. पण तुमच्या अख्ख्या पत्रात ‘आईला आम्ही विचारलं होतं’ असं एक वाक्य नाही. तिनं नाव बदललं, सणवार बदलले, ते तिचं तिनं ठरवलं. पण साठ वर्षांहून जास्त काळ जिनं कोळंबीला हात लावला नाही, तिला शेवटी कुठे जायचंय हे विचारायचं कुणाला सुचलं नाही? मावशीला फोन केलात तेव्हा ‘तुमच्यात काय करतात?’ एवढं तरी? संबंध मावशीनं तोडले म्हणता. सगळ्या माहेरानं पाठ फिरवल्यावर वर्षानुवर्षं डबा घेऊन येणारी ती एकटीच होती. ते दिवस ज्यू नववर्षाचे असतात आणि चिकाचा हलवा हा त्याच सणाचा. ती तुमच्या घरी दर वर्षी नवं वर्ष घेऊन येत होती. डबा धुऊन परत देताना तुम्ही त्यात काय घालत होतात, हे आठवून पाहा.

अलिबागच्या उत्तरेला नवगाव आहे, किनाऱ्यावर. बेने इस्रायल लोकांची कथा तिथं सुरू होते. जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्या चौदा जणांनी केलेलं पहिलं काम म्हणून काय सांगतात माहीत आहे? समुद्रानं किनाऱ्यावर टाकलेल्या आपल्या माणसांना त्यांनी मातीत ठेवलं. घर नाही, भाषा कळत नाही, पोथ्या बुडालेल्या, पण मेलेल्यांना आधी पुरलं. ती दफनभूमी आजही आहे, तिथं स्मारक उभारलंय. मावशी त्या किनाऱ्याच्या जवळपासच वाढली. बहिणीसाठी तिला तेवढंच करायचं होतं.

तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं फार लांब नाहीत. ज्यू धर्मशास्त्रात वंश आईकडून धरतात. आई ज्यू, म्हणून तुम्ही ज्यू. संपलं. थुंकी बाटलीत घालून परदेशी पाठवायची गरज नाही. या समाजाकडे पुरावा मागून झालेला आहे. इस्रायलमध्ये गेलेल्या बेने इस्रायलांच्या लग्नांवर तिथल्या मुख्य धर्मपीठानं शंका घेतली, पूर्वजांची चौकशी सुरू केली, तेव्हा ही कोकणातली साधी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली. १९६४ साली तिथल्या सरकारला सांगावं लागलं की हे सर्वार्थानं ज्यू आहेत. जो पुरावा द्यायला त्यांनी नकार दिला, तो तुम्ही आपणहून कशाला द्यायला निघालात?

आणि हिब्रूचं म्हणाल तर तुमच्या आईचे पूर्वज हिब्रू जवळजवळ विसरलेच होते. उरली होती ‘शेमा’ ही एक प्रार्थना, मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे नेम आणि शनिवार. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. पुढे प्रार्थना शिकले, प्रार्थनागृहं बांधली, तर त्यांनाही मशीदच म्हणत राहिले. मोशेच्या, योसेफाच्या कथांवर मराठीत कीर्तनं केली. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, १८७४ साली तुमच्याच पुण्यात मराठी भाषांतरासह छापली गेली. तुमच्या आईचा धर्म मराठीत होता, बाई. तो सांगू शकणारं जे माणूस तुमच्या रक्ताचं उरलंय, ते अलिबागला बसलंय आणि मराठीतच बोलतं. तुम्ही मोबाइलमधल्या अनोळखी आवाजाशी हिब्रूत ‘तुमचं नाव काय’ म्हणत बसलात.

तर तुम्ही करायचं ते एवढंच. ते कापड शोधा. त्याचं काय झालं हे तुम्ही लिहिलं नाहीत, टाकलं नसेल अशी आशा करते. सापडलं तर धुऊन, घडी घालून त्याच पिशवीत ठेवा आणि येत्या गुरुवारी अलिबागला जा. शनिवार नको, शुक्रवारची संध्याकाळही नको, तो तिचा शब्बाथ, विसाव्याचा पवित्र दिवस. फोन करून विचारू नका, ती नको म्हणेल. नवऱ्याला आणि मुलाला नेऊ नका. कापड उशीचा अभ्रा झालं असेल, दान दिलं असेल, तरी जा, आणि तसं सांगा.

तिच्यापुढे बसून म्हणा, ‘मावशी, आम्ही विचारलं नाही. चुकलं.’ यापुढे ‘पण’ लावू नका. पण आम्हाला माहीत नव्हतं, पण बाबांच्या घरचं तसं होतं, यातलं काही नको. ती ओरडेल किंवा गप्प बसेल, दोन्ही ऐकून घ्या. मी ज्यू आहे का, हे तिला विचारू नका. पुस्तक दाखवायला काढू नका. ते पुढच्या खेपेला.

मातीचंही सांगा. तुळशीत घातली, हे जसंच्या तसं सांगा. ते सांगायला तुम्हाला सगळ्यात जड जाईल, म्हणून मुद्दाम लिहिते. त्या कुंडीला तुमच्या आईनं किती वर्षं पाणी घातलं, हेही सांगा. मावशीला त्यानं बरं वाटेल की आणखी रडू येईल, मला सांगता येणार नाही.

ती बोलायला लागली तर एकच विचारा, आईचं नाव. लग्नाआधीचं तुम्हाला कदाचित ठाऊक असेल, पण प्रार्थनेत घेतात ते नाव बापाच्या नावाला जोडून असतं, अमक्याची मुलगी तमकी. ते नाव आता बहुधा मावशीला एकटीलाच पाठ आहे. बहीण गेली की ज्यू माणूस सात दिवस घरात खाली बसून सुतक पाळतं, शेजारीपाजारी येऊन त्याला जेवू घालतात. मावशीनं ते सात दिवस कसे काढले असतील, मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही, कारण तुम्ही परत फोन केला नाहीत.

ती जेवून जा म्हणाली तर जेवा. राहा म्हणाली तर राहा, शुक्रवारी संध्याकाळी ती दिवा लावेल तेव्हा शेजारी उभ्या राहा.

आणि गाडीत बसाल तेव्हा पिशवी वरच्या फळीवर ठेवू नका. मांडीवर घ्या.