कोल्हापुरात कासव अंगणात ठेवता येईल का? थंडीत त्याला झोपवावं लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: घर कळंब्याच्या बाजूला, मागे मोकळी जागा, परदेशी निघालेल्या चुलत भावानं त्याचं सुलकाटा कासव तुमच्याकडे सोपवलंय. इंग्लंडमधली माणसं हिवाळ्यात कासवाला चक्क फ्रीजमध्ये ठेवून झोपवतात, हे तुम्ही यूट्यूबवर पाहिलंत. तर आपल्याकडे डिसेंबरच्या थंडीत काय करायचं?

बाहेर ठेवता येईल, ठेवाच. झोपवायचं मात्र अजिबात नाही. आणि डिसेंबरची काळजी कमी करा, जुलैची जास्त करा. माझ्याकडेही सुलकाटाच आहे, त्यामुळे खाली लिहितोय ते याच हवेतलं आहे.

आधी फ्रीजचं बघू, कारण त्यानंच घोटाळा होतो. इंग्लंड-जर्मनीत बागेत पाळतात ती कासवं बहुतेक हर्मन, ग्रीक किंवा रशियन जातीची. त्यांचं मूळ भूमध्य समुद्राकाठी आणि मध्य आशियात, जिथं कडक हिवाळा असतो. खाणं थांबवायचं, पोट रिकामं करायचं आणि जमिनीत शिरून चार-पाच महिने पडून राहायचं, ही सोय त्यांच्या शरीरातच आहे. फ्रीज वापरतात तो तापमान 5 अंशांच्या आसपास स्थिर राहावं म्हणून. शून्याखाली गेलं तर डोळ्यांना इजा होते, 10 च्या वर गेलं तर कासव अर्धवट जागं होतं आणि साठवलेली चरबी जाळत बसतं.

सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, म्हणजे सेनेगल, माली, चाड, सुदान या बाजूचं. तेही खोल बीळ खणतं, पण उन्हाळा आणि दुष्काळ टाळायला. शीतनिद्रा त्याला ठाऊक नाही. त्याला गार केलं तर ते झोपत नाही, नुसतं बंद पडत जातं. कासवाचं रक्त बाहेरच्या हवेनुसार तापतं-निवतं, त्यामुळे अंग गार असलं की पोटातलं गवत पचत नाही, तिथंच आंबतं, आणि रोगाशी लढायची ताकदही उतरते. आपल्याकडचं चांदणी कासव, म्हणजे स्टार, तेही असं झोपणाऱ्यातलं नाही.

आता डिसेंबर. कोल्हापुरात रात्री 14-15 अंश असतात, एखादा आठवडा कडाक्याचा निघाला तर त्याहून खाली. पण सकाळी दहाला ऊन चटकायला लागतं आणि दुपारी पारा 28-30 वर जातो. हवा कोरडी. सुलकाटाच्या मूळ गावीही रात्री गार आणि दिवस तापलेले असंच असतं. म्हणून संध्याकाळी ऊन उतरायच्या आत त्याला शेडमध्ये घ्यायचं, खाली वाळलेल्या गवताचा जाड थर द्यायचा, शेडमध्ये 18-20 च्या खाली जातंय असं दिसलं तर ऊब द्यायची, आणि सकाळी ऊन आलं की दार उघडायचं. डिसेंबरचं काम एवढंच.

जुलैत काय होतं बघा. रात्रीचं तापमान 21 च्या आसपास. आकडा पाहिला तर डिसेंबरपेक्षा बरा. पण दिवसाही 26-27 च्या वर जात नाही, आणि एकदा झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कासव रात्रीच्या आकड्यावर जगत नाही, दिवसाच्या उन्हावर जगतं. ऊन खायच्या जागी त्याला 35 अंशांच्या आसपास मिळालं की अंग तापतं, मग ते चरतं, मग पचवतं. ते ऊन नाही, जमीन ओली, हवेत दमटपणा, अंगणात पाणी: गारठा आणि ओल एकत्र आली की फुप्फुसाचा संसर्ग ठरलेला. कोरडी थंडी ते काही तास निभावून नेतं, ओली थंडी नाही. इंग्लंडमधल्या पाळणाऱ्यांचीही खरी लढाई बर्फाशी नसते, त्यांच्याकडच्या ओल्या, ढगाळ वसंताशी असते. त्यांच्याकडे म्हणूनच बागेत छोटी काचघरं असतात. आपण त्यांच्याकडून फ्रीज न उचलता ती काचघरं उचलायला हवीत.

यावरून एक गंमत आठवली. 18 व्या शतकात इंग्लंडच्या सेलबोर्न गावात गिल्बर्ट व्हाइट नावाचे पाद्री आणि निसर्गनिरीक्षक होते. त्यांच्या बागेत टिमोथी नावाचं ग्रीक कासव होतं (पुढे कळलं की ती मादी होती, तिचं कवच लंडनच्या संग्रहालयात जपलेलं आहे). व्हाइटनी लिहून ठेवलंय की भरल्या गाडीचं चाक अंगावरून गेलं तरी निभावेल असं कवच असून हे कासव पावसाचे पहिले थेंब पडताच लगबगीनं कोपरा गाठतं आणि तिथं तोंड खुपसून बसतं. थंड देशातल्या कासवाला जे कळतं ते आपण वाळवंटी कासवाच्या बाबतीत विसरतो. पावसात फिरताना किती छान दिसतं म्हणून व्हिडिओ काढतो. वळवाच्या एखाद्या सरीत भिजलं तर काही बिघडत नाही, मागून ऊन पडतंच. आषाढातलं भिजणं वेगळं.

तेव्हा शेड पावसाचा विचार करून बांधा. कळंब्याकडे तुमच्या मागच्या जागेत काळी माती असेल तर ती पाणी धरून ठेवते, आणि सुलकाटा खणणार म्हणजे खणणारच. काळ्या मातीतलं बीळ पावसात भरतं, ढासळतं, आणि जमिनीवरच्या कासवाला पोहता येत नाही. म्हणून जागेचा एक भाग मुरूम टाकून दीड-दोन फूट उंच करून घ्या, उतार बाहेरच्या बाजूला. त्याच्या एका कडेला दोन-तीन शहाबादी फरश्या उन्हात टाका. फरशी तापते आणि ऊन गेल्यावरही बराच वेळ ऊब धरते. कासव स्वतःहून तिथं येऊन पाय पसरतं, मान लांब करून बसतं. शेडही याच उंचवट्यावर घ्या, आत खाली कोबा करा, नाहीतर रात्रभर कोपरा उकरत बसेल.

कुंपणाला जाळी नको. पलीकडचं दिसलं की ते दिवसभर डोकं आणि पुढचे पाय जाळीवर घासत राहतं. जांभा किंवा विटांची भरीव भिंत घ्या, फूटभर जमिनीत गाडलेली. भटकी कुत्री आणि मुंगूस यांचा विचार करा. तुमचं कासव ताटाएवढं आहे म्हणता, म्हणजे मुंगसाची भीती कमी, पण कुत्री कवचाच्या कडा चावून काढतात.

रात्रीच्या खोक्याला दोन प्लायवूडच्या मध्ये थर्माकोल भरा. थर्माकोल उघडा ठेवलात तर खाईल. ऊब द्यायला सिरॅमिक हीटर, त्याला थर्मोस्टॅट, आणि भोवती लोखंडी जाळी. पोल्ट्रीवाले पिलांना लावतात तो लाल बल्ब अडीनडीला चालतो, पण रात्रभर उजेड नको. पावसात लाईट जातेच, तेव्हा हीटर इन्व्हर्टरवर चालेल अशी जोडणी करून घ्या. वायर कासवाच्या पायात येणार नाही एवढं बघा.

पावसाळ्यात शेडच्या पुढे दहा-बारा फुटांची छत असलेली कोरडी जागा पाहिजे, पॉलिहाऊसचा कागद लावला तरी चालतो. कागदातून उजेड आणि थोडी ऊब येईल, पण कवचाच्या आणि हाडांच्या वाढीला लागणारे अतिनील-ब किरण त्यातून नीट येत नाहीत, काचेतून तर येतच नाहीत. हे किरण नसतील तर ड-3 जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. म्हणून पावसाच्या चार महिन्यांत हेच किरण देणारी यूव्हीबी ट्यूब हवी, आणि ती वर्षभरात बदलायची, कारण दिसायला पेटत असली तरी तिचे किरण उतरलेले असतात. एक तासाची उघडीप मिळाली तरी कासवाला बाहेर न्या. घरातल्यांना हे सांगून ठेवा, आमच्याकडे आता शेजारच्या काकूसुद्धा ऊन पडलं की भिंतीवरून हाक मारतात.

पन्हाळा, गगनबावडा, राधानगरी या बाजूला कुणी विचारत असेल तर जून ते सप्टेंबर बाहेर ठेवायचा विषयच नाही. शहरात सुतारवाडा, शाहूपुरीची कुंभार गल्ली अशा पुराच्या पट्ट्यात नातेवाइकांकडे ठेवायचा विचार असेल तर तोही काढून टाका. 2019 आणि 2021 ला काय झालं ते आपण पाहिलंय. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी 39 फुटांवर, म्हणजे इशाऱ्यावर आली की माणसं सामान हलवतात, कासव कुणाच्या लक्षात राहत नाही.

आजारपण ओळखायला कान आणि डोळे पुरतात. सकाळी उचलून तोंडाजवळ कान न्या. घरघर किंवा शिट्टीसारखा बारीक आवाज येतो का? नाकपुडीवर बुडबुडा येऊन फुटतोय का? मान ताणून तोंड उघडून श्वास घेतंय का? डोळे चिकटलेत का? यातलं एक दिसलं तरी थांबू नका. आधी 28-30 अंशांवर रात्रंदिवस ऊब द्या आणि डॉक्टर गाठा. हळद, विक्स, वाफ हे प्रयोग नकोत. महिन्यातून एकदा वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहून ठेवा, वजन उतरायला लागलं की बाकी लक्षणांच्या आधी कळतं.

आपल्याकडचे बहुतेक जनावरांचे डॉक्टर गाई-म्हशी आणि कुत्री बघणारे. चांगले असतात, पण कासवाचा अनुभव कमी. त्यांना एक गोष्ट तुम्ही स्वतः सांगा: आयव्हरमेक्टिन द्यायचं नाही. गुरांना जंत-गोचिडासाठी सर्रास देतात ते हेच औषध, आणि कासवाला ते घातक आहे, जीव जाऊ शकतो. पुण्या-मुंबईत सरीसृप बघणारे डॉक्टर मिळतात, त्यांचा नंबर आजारपणाच्या आधी मिळवून ठेवा आणि गरज पडली तर इथल्या डॉक्टरांना त्यांच्याशी बोलायला लावा.

खाण्याचं सोपं आहे. मुख्य म्हणजे गवत. हरळी, वाळलेलं गवत, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेला फड्या निवडुंग. पालक, कोबी, टोमॅटो, केळं रोज नको. चपाती, भात, दूध कधीच नको, आजीनं कितीही आग्रह केला तरी. ऊसपट्ट्यातली खास काळजी म्हणजे बांधावरचं गवत आणताना तणनाशक मारलंय का हे शेतमालकाला विचारूनच आणा. आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्यात, हनुवटी बुडणार नाही एवढ्या, वीस मिनिटं बसवा. पाणी पितं, पोट साफ होतं. मग कोरडं पुसून ऊबेला ठेवा.

आता कागद. सुलकाटा परदेशी जात आहे आणि साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे 2024 च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. भावानं केली असेल तर ती मागून घ्या आणि कासव तुमच्याकडे आल्याची नोंदही करून घ्या. नसेल तर आधी वनविभागात जाऊन विचारा, लपवून ठेवू नका. तुमच्या प्रश्नाखालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी लिहिलंय की स्टार कासव घ्या, ते लहान राहतं आणि घरात लक्ष्मी येते. स्टार वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, घरात ठेवणं गुन्हा आहे आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान तीन वर्षांची, वर किमान 25,000 दंड. लक्ष्मीसाठी देवळापुढचं दगडी कासव पुरेसं आहे.

शेडचं काम मिस्त्रीकडे द्यायच्या आधी एक लक्षात घ्या. गालापागोस आणि अल्दाब्राची सोडली तर सुलकाटा हे जगातलं सर्वांत मोठं जमिनीवरचं कासव. 40-50 किलो सहज भरतं आणि सत्तर वर्षं जगू शकतं. तेव्हा आजच्या मापाचं खोकं करू नका, दार अडीच फूट रुंद ठेवा, कडी वरच्या बाजूला लावा, आणि फळ्या बाहेरून नव्हे तर आतून ठोका, म्हणजे त्यानं आतून ढकललं तरी खिळे निघणार नाहीत, असं मिस्त्रीला नीट समजावून सांगा. जूनच्या आधी काम उरकेल असं बघा, मृग लागला की मिस्त्री मिळत नाहीत.