वाचकांचे प्रश्न: धावपट्टी नवी झाली म्हणजे नेमके काय झाले?

सोलापूरच्या होटगी रोडवरील विमानतळाचे 29 सप्टेंबर 2024 रोजी उद्घाटन झाले आणि जून 2025 मध्ये गोव्याची सेवा सुरू झाली. तेव्हापासून धावपट्टीबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतल्या पाच प्रश्नांची उत्तरे या अंकात देत आहोत.

धावपट्टीचे काम झाले, विमाने सुरू झाली. मग मोठी विमाने का येत नाहीत? अजून काय करायचे राहिले आहे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

वरचा थर नवा केला म्हणून धावपट्टी लांब होत नाही, रुंद होत नाही आणि तिच्या पोटातली मातीही बदलत नाही. मोठ्या विमानासाठी या तिन्ही गोष्टी लागतात.

आधी लांबी पाहू. विमान कंपनी जी लांबी सांगते ती समुद्रसपाटीवरची, 15 अंश तापमानातली असते. सोलापूर सुमारे 480 मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यातले रोजचे कमाल तापमान सरासरीने 40 अंशांच्या घरात असते. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा ठोकताळा असा: दर 300 मीटर उंचीला लांबी 7 टक्के वाढवा, आणि त्या उंचीच्या प्रमाण तापमानापेक्षा जितके अंश जास्त तितके टक्के आणखी वाढवा. 480 मीटरवर प्रमाण तापमान सुमारे 12 अंश. म्हणजे उंचीचे 11 टक्के आणि त्यावर उष्णतेचे 28 टक्के. एटीआर-72 या पंख्याच्या छोट्या विमानाला पूर्ण वजनाने मुळात सुमारे 1,300 मीटर लागतात. हिशेबाअंती ते 1,850 होतात. आपली धावपट्टी सुमारे 2,100 मीटर आहे, त्यामुळे हे विमान इथे व्यवस्थित बसते. ए-320 या मोठ्या जेट विमानाला मुळातच 2,100 च्या आसपास लागतात. तोच हिशेब लावला तर आकडा 3,000 वर जातो. उंची आणि उष्णता मिळून वाढ 35 टक्क्यांच्या पुढे गेली की नुसत्या ठोकताळ्यावर निर्णय घ्यायचा नसतो, त्या जागेचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. सोलापूरची वाढ 42 टक्के येते, म्हणून हा अभ्यास आपल्याला टाळता येणार नाही.

मुंबईसारख्या जवळच्या पल्ल्याला टाकी भरून न्यावी लागत नाही. तेव्हा कमी वजनाने, पहाटेच्या गारव्यात ए-320 कमी लांबीतही उडू शकते, हे खरे. पण पुढच्या अटी वजनाने सुटत नाहीत. अशा विमानाला धावपट्टी 45 मीटर रुंद लागते. एटीआरचे 30 मीटरमध्ये भागते. दोन्ही टोकांना 60 मीटर मोकळा सपाट पट्टा आणि त्यापुढे सुरक्षा क्षेत्र हवे. हे क्षेत्र किमान 90 मीटर असते, शिफारस मात्र 240 मीटरची आहे. तेवढी जमीन नसेल तर असलेल्या धावपट्टीतूनच ती वजा होते आणि वापरायची लांबी कागदावर घटते. अग्निशमनाचा दर्जाही पाचवरून सहावर न्यावा लागतो, म्हणजे फोमसाठीचा पाणीसाठा 5,400 लिटरवरून 7,900 लिटर करावा लागतो.

राहिला भार. एटीआर-72 साधारण 23 टनांचे, मुख्य चाके चार. एका चाकावर साडेपाच टन येतात. ए-320 हे 78 टनांचे, तिथेही मुख्य चाके चारच. एका चाकावर साडेअठरा टन. टायरमधला दाबही दीडपटीहून जास्त. हा भार वरची 5 सेंटीमीटर डांबर-खडी पेलत नाही, तिच्याखालचे थर आणि माती पेलतात. नोव्हेंबर 2024 पासून धावपट्टीची ताकद पीसीआर या आकड्याने आणि विमानाची मागणी एसीआरने सांगतात. एसीआर जास्त असेल तर एरवी ते विमान चालत नाही. क्वचित, 10 टक्क्यांपर्यंतचा अतिभार चालतो, तोही वर्षभरातल्या एकूण फेऱ्यांच्या 5 टक्क्यांच्या आत.

म्हणून निवेदन देताना ‘मोठे विमान आणा’ एवढेच लिहू नये. कोणते विमान, कोणत्या पल्ल्यासाठी आणि दिवसाच्या कोणत्या वेळी, हे लिहावे. त्याला नेमके उत्तर मागता येते.

विमानसेवा चालू ठेवून रिकार्पेटिंग (धावपट्टीवर डांबराचा नवा थर) कसे करतात? क्रम आणि प्रमाण सांगाल का?
— स्थापत्य पदविकेची विद्यार्थिनी, विजापूर रोड

पहिले काम तपासणीचे. जड वजन आपटून धावपट्टी किती दबते ते यंत्राने मोजतात आणि ठिकठिकाणी कोअर (थरांचा गोल, उभा नमुना) काढून थरांची जाडी व चिकटलेपणा पाहतात. कोअर दोन थरांच्या सांध्यावर सुटून आला, तर वर नवा थर टाकून उपयोग नाही. सुटलेला थर खरवडूनच काढावा लागतो.

समजा 2,100 मीटर लांब, 30 मीटर रुंद पट्टीवर 50 मिलिमीटरचा थर द्यायचा आहे. क्षेत्रफळ 63,000 चौरस मीटर, घनफळ 3,150 घनमीटर. घनता 2.4 धरली तर साडेसात हजार टन मिश्रण लागते आणि साडेपाच टक्क्यांनी त्यात सुमारे 415 टन डांबर. रात्रीच्या बंद वेळेत 500 टन पडले तर पूर्ण रुंदीने साधारण 140 मीटर पुढे सरकता येते. म्हणजे नुसते थर टाकायलाच 15 रात्री, त्याही मिश्रणाचा प्लांट एकदाही न थांबता.

रात्रीचा क्रम असा: नोटॅमची (धावपट्टी बंद असल्याच्या अधिकृत सूचनेची) वेळ सुरू झाल्याची टॉवरकडून खात्री, मिलिंग (जुना थर खरवडणे), झाडू आणि हवेचा झोत, भेगा भरणे, मग टॅक कोट (नवा थर चिकटवणारा पातळ लेप). त्याचे इमल्शन (पाण्यात मिसळलेले डांबर) चौरस मीटरला 0.2 ते 0.3 किलो. ते तपकिरीचे काळे होईपर्यंत थांबायचे. घाईत त्यावर पेव्हर (मिश्रण पसरणारे यंत्र) नेला की पाणी अडकते आणि पुढे विमानाच्या ब्रेकने थर पोळीसारखा सरकतो. सोलापूरच्या उन्हात पृष्ठभाग 60 अंशांच्या वर तापतो, म्हणून व्हीजी-40 (घट्ट प्रतीचे डांबर) किंवा पॉलिमर मिसळलेले डांबर घ्यावे. व्हीजी-40 चे मिश्रण पसरताना 150 अंशांच्या खाली गेलेले नको आणि रोलिंग 100 अंशांच्या वर असतानाच आटपले पाहिजे. आधी लोखंडी रोलर, मग रबरी चाकांचा, शेवटी पुन्हा लोखंडी. 3 मीटरची सरळपट्टी ठेवली तर खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये.

सर्वांत आधी फाटतो तो लांबीचा सांधा. शेजारचा पट्टा गार झाल्यावर त्याला नवा चिकटवला की सांध्यात पोकळी राहते. दोन पेव्हर थोडे मागे-पुढे ठेवून एकाच वेळी चालवणे उत्तम. ते जमत नसेल तर गार कड 5 ते 7 सेंटीमीटर उभी कापून, डांबर लावून मगच पुढचा पट्टा टाकावा.

पहाटे काम जिथे थांबते तिथे 5 सेंटीमीटरची पायरी उरते. तिला तात्पुरता उतार द्यायचा तो 0.5 ते 1 टक्क्याचा, म्हणजे 5 ते 10 मीटर लांबीचा. कामाची दिशाही अशी धरतात की बहुतेक विमाने नव्या उंच भागावरून जुन्यावर उतरतील, पायरी चढणार नाहीत. मध्यरेषा रंगवल्याशिवाय आणि एक-एक खडा वेचल्याशिवाय पट्टी विमानासाठी खुली करायची नाही. सुटी खडी पंख्यात किंवा इंजिनात गेली तर रात्रभराच्या कष्टापेक्षा मोठे नुकसान होते.

समांतर टॅक्सीवे (विमान धावपट्टीकडे ने-आण करण्याचा बाजूचा रस्ता) नसेल तर विमान टोकाला जाऊन जागीच वळते. त्या वळणपट्टीवर चाके डांबर पिळतात. निविदेत तिथल्या मिश्रणाचा वेगळा उल्लेख हवा. बहुधा नेमका तोच राहून जातो.

आमच्याकडच्या काळ्या मातीवर रस्ते दोन वर्षांत फुटतात. धावपट्टीचे काय?
— एक शेतकरी वाचक, दक्षिण सोलापूर

माती तीच, त्यामुळे दुखणेही तेच. पाणी मिळाले की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. ओली असताना तिची सीबीआर (भार पेलण्याच्या ताकदीचे माप) बहुधा 2 ते 4 टक्केच भरते. नव्या भागाखालची माती अर्धा ते एक मीटर काढून चांगला मुरूम थराथराने दाबतात, किंवा 3 ते 5 टक्के चुना मिसळून ती मवाळ करतात. चुन्याचे प्रमाण प्रत्यक्ष मातीवर तपासून ठरवावे.

जुन्या धावपट्टीच्या मधल्या भागाखालची माती वर्षभर जवळपास सारखी ओलसर राहते. फुगणे-आकसणे चालते ते कडेच्या दोन-तीन मीटरांत. म्हणून कडेला लांबच लांब भेग दिसली तर डांबराला दोष देण्याआधी पाणी कुठे थांबते ते पाहावे. धावपट्टीला आडवा उतार 1 ते 1.5 टक्के असतो. नवा थर टाकल्यावर कडेची माती त्याच्या बरोबरीला आणली नाही तर 5 सेंटीमीटरचा काठ तयार होतो. मुरूम आणताना तो काठाच्या वर चढला तर पाणी धावपट्टीवरच तुंबते. आपल्याकडे सप्टेंबरचा पाऊस सर्वांत जोराचा, तेव्हा चर आणि मोऱ्यांचा गाळ ऑगस्टच्या आत निघायला हवा.

धावपट्टीच्या टोकाला पांढऱ्या पट्ट्या असतात, त्यांचा अर्थ काय?
— इयत्ता नववी, सात रस्ता

त्या पट्ट्या रुंदी सांगतात: 8 असतील तर 30 मीटर, 12 असतील तर 45 मीटर. त्यांच्या पुढचे आकडे, एका टोकाला 15 आणि दुसऱ्याला 33, हे दिशेचे. चुंबकीय उत्तरेपासून साधारण 150 आणि 330 अंश, शेवटचे शून्य गाळून. खिडकीजवळची जागा मिळाली तर विमान वळताना मोजून पाहा.

साखर कारखान्याची चिमणी पाडली. आता विमानतळाजवळ घरावर मजला चढवायला परवानगी लागते का?
— एक वाचक, होटगी रोड

लागते. सिद्धेश्वर कारखान्याची सहवीजनिर्मितीची चिमणी जून 2023 मध्ये पाडली, पण उंचीचे नियम तसेच आहेत. धावपट्टीभोवती सुमारे 4 किलोमीटरपर्यंत विमानतळाच्या पातळीपासून 45 मीटरची मर्यादा असते. टोकांच्या समोर, विमान उतरण्याच्या मार्गात, ती त्याहून फार कमी असते: तिथे दर 50 मीटरला 1 मीटर असा उतार धरतात. मोजणी घराच्या जोत्यापासून नसून समुद्रसपाटीपासून होते. म्हणून अर्जासोबत जागेचे अक्षांश-रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची अधिकृत सर्वेक्षकाकडून घ्यावी. पाण्याची टाकी, जिन्याची खोली, सोलर पॅनेल, मोबाइलचा मनोरा हे सगळे उंचीत धरतात. महापालिकेकडे नकाशा देण्याआधी विमानतळ प्राधिकरणाचा रंगांनी विभागलेला नकाशा पाहा. आपल्या गटाला कोणती उंची लागू आहे ते तिथे कळते.